चिमणीची पांढरी रेघ

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी त्या गाडीवर चैन म्हणून बसलो नव्हतो. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हुकुमावरून मी ती हलवत होतो आणि हलवता हलवता कमरेत उसण भरली म्हणून बसलो. हे मी जज्जसाहेबांना, ट्रॅफिक हवालदाराला आणि बायकोला वेगवेगळ्या वेळी समजावून सांगितलं. तिघांनीही आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि पुढचं काही ऐकून घेतलं नाही.

गाडी म्हणजे मिनीबाईक. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एखादी मोटरसायकल गरम पाण्यात धुतली आणि ती लोकरीच्या स्वेटरसारखी आटली, तर जे उरेल ते. चाकं ताटाएवढी, सीट माझ्या गुडघ्याच्या खाली, हँडल घडी घालून आत दुमडता येणारं. डाळिंबी रंगाची टाकी आणि टाकीभोवती एक बारीक पांढरी रेघ. इतकी बारीक, की पाहणारा आधी चष्मा पुसायचा.

गाडी माझ्या मित्राची, दाढ्याची. दाढ्याला दाढी नाही. तो दातांचा डॉक्टर. दवाखाना उघडल्यावर त्याने सगळ्यांत आधी माझी दाढ काढली, तीही शेजारची, तेव्हापासून मी त्याला दाढ्या म्हणतो. तो मला ढब्ब्या म्हणतो. त्याचं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. काही वर्षांपूर्वी त्याने अचानक दवाखाना बंद केला. "कंटाळा आला लोकांच्या तोंडात बघून," म्हणाला. मग एका भंगारवाल्याच्या आवारात त्याला ही गाडी सापडली. दिव्याची काच शाबूत होती, पण पाठीमागून शिरून चिमणीने आत घरटं केलेलं. म्हणून तिचं नाव चिमणी. दातांना पॉलिश करायची सगळी हत्यारं दाढ्याने तिच्यावर चालवली आणि तिला असं काही नवं केलं, की इमारतीतली माणसं पाहुण्यांना आधी पार्किंग दाखवत आणि मग घर.

तर दाढ्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं म्हणून तिच्या गावी गेला आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेला. त्याच्या पाठोपाठ सेक्रेटरींची सूचना लागली. इमारतीला रंग लावायचा आहे, पार्किंग रिकामं करा. मी त्यांना म्हटलं, "मालक गावाला गेलेत."

"मग गाडी हलवता येणार नाही. मालकाशिवाय दुसऱ्याच्या वाहनाला हात लावायला मनाई आहे."

"म्हणजे राहू द्यायची?"

"छे! पार्किंग रिकामं झालं पाहिजे."

मी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काढली आहेत. असे हुकूम मला नवे नाहीत. अशा वेळी दोन्ही हुकूम पाळायचे असतात. मी गाडीला हात न लावल्यासारखं करून हलवायला घेतलं. पण ती ढकलायची म्हणजे माणसाने अर्धं वाकायचं. उताराच्या तोंडाशी पोचेपर्यंत कमरेने जीव सोडला आणि मी क्षणभर टेकलो.

त्या क्षणभरात चिमणी निघाली.

इंजिन बंद होतं, हे मुद्दाम नमूद करतो. हाताशी जो दांडा लागला तो मी दाबला. तो क्लचचा निघाला. गुडघे कानांशी, चपला हवेत, आणि समोर पेंटरची घोडी. घोडीवर पेंटर आणि पेंटरच्या हाताशी बिस्किटी रंगाची बादली. पेंटर वरून ओरडला, "साहेब, बाजूला व्हा!" वास्तविक ही सूचना मी त्याला करायला हवी होती. त्याने उडी मारली, घोडी पडली, बादली माझ्या डोक्यावर आली आणि चिमणी भिंतीला जाऊन आपटली.

सगळं शांत झालं तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून आवाज आला, "कोणीही कशाला हात लावू नका!"

आमचे जज्जसाहेब. निवृत्त झाले तरी न्यायदान सुटलेलं नाही. ते सावकाश खाली येईपर्यंत मी बिस्किटी रंगात तसाच बसून होतो, कारण पेंटरने त्यांचं ऐकलं आणि मला उठू दिलं नाही.

"टक्कर झाली तेव्हा घोडी उभी होती की चालू होती?" त्यांनी विचारलं.

"साहेब, घोडी लाकडी आहे."

"प्रश्नाचं उत्तर द्या."

दिव्याची काच गेली होती. टाकीला वाटीएवढा खड्डा पडला होता. पांढरी रेघ मात्र त्या खड्ड्यातही आत उतरून बाहेर आली होती, कुठेही न तुटता. ते पाहून मी तिथल्या तिथे ठरवलं, दाढ्या यायच्या आत ही गाडी होती तशी करायची. मग त्याला सगळं सांगायचं. आधी दुरुस्ती, मग कबुली. कचेरीतही मी हाच क्रम ठेवला आहे.

"आधी फोन करा," बायको म्हणाली. ती माझ्या कानातला रंग टॉवेलने काढत होती.

"एवढ्याशा गोष्टीसाठी? बहिणीचं ऑपरेशन सोडून तो इकडे धावत येईल."

"अहो, तुम्हाला गाडी वाचवायची आहे की तोंड?"

मी तिला सांगितलं, दोन्ही. गाडी लिफ्टने आमच्या बैठकीच्या खोलीत आणली आणि कामाला लागलो.

खड्डा कसा काढायचा यावर इमारतीत दोन पक्ष पडले. एक पक्ष गरम पाण्याचा, दुसरा बर्फाचा. सेक्रेटरी मधला मार्ग काढण्यासाठी प्रसिद्ध आहेत. ते स्वतःच्या घरून मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप घेऊन आले. "टाकीवर दाबायचा आणि खेचायचा. खड्डा बाहेर. माझ्या साडूच्या मोटारीचा काढलाय." पंप दाबला. तो असा काही चिकटला, की मी खेचतोय, सेक्रेटरी मला खेचताहेत आणि बायको दाराशी उभी राहून "सोडा हो, सोडा!" म्हणतेय. शेवटी सुटला. खड्डा जागच्या जागी होता. पंपाबरोबर रंगाचा एक वाटोळा पापुद्रा निघून आला होता आणि त्या पापुद्र्यात पांढऱ्या रेघेचा बोटभर तुकडा.

"साडूच्या मोटारीचा रंग चांगला होता," सेक्रेटरी म्हणाले आणि पंप घेऊन गेले.

संध्याकाळी दाढ्याचा फोन आला. बहीण बरी होती.

"चिमणी कशी आहे?"

"घरात आणून ठेवली आहे. खाली रंगकाम चाललंय."

"शाब्बास ढब्ब्या. वर कापड आहे ना?"

"चादर आहे. दुहेरी."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "एकही शब्द खोटा बोलला नाहीत. एकही खरा पण नाही." मी पेपर उघडला. उलटा होता, पण मी तसाच वाचत राहिलो.

खड्डा काढणं हे घरगुती काम नव्हे, एवढं कळलं होतं. दातवाल्याच्या गाडीला आता डेंटिंगवालाच हवा होता. चादरीत गुंडाळलेली चिमणी मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवली, सरकू नये म्हणून पट्टा लावला आणि निघालो. चौकात हवालदाराने हात केला. मागे डोकावून तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आजी सिरीयस आहेत का?"

माझा स्वभाव नडतो. मान हलवली असती तर शिट्टी वाजवून त्याने रस्ता मोकळा करून दिला असता. मी म्हटलं, "आजी नाहीत, गाडी आहे."

त्याने चादर उचलली. "नंबर कुठाय हिचा?"

"हिला नंबर नाही. ही रस्त्यावर चालवत नाहीत."

"मग आत्ता रस्त्यावर कशी?"

"चालवतोय मी ही, मोटार. ती आत बसली आहे."

"नंबर नाही म्हणजे वाहन नाही. वाहन नाही म्हणजे सामान. सामान सीटवर कसं?" त्याने विचार केला. "आणि वाहन असेल तर वाहनात वाहन कसं?" मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले. तो खिडकीवर कोपर टेकून अगदी मनापासून कोड्यात पडला होता आणि खरं सांगायचं तर मीही पडलो होतो. शेवटी त्याने वरच्या साहेबांना फोन लावला, साहेब त्याला काहीतरी बोलले, आणि तो लाल होऊन म्हणाला, "जा. पट्टा लावलाय म्हणून सोडतो."

डेंटिंगवाल्याने माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत टाकी खोलून आतून हातोडा घातला. मी "अहो हळू" म्हणेपर्यंत खड्डा गेला होता आणि त्याच जागी टेंगूळ आलं होतं. "आत गेलं होतं, बाहेर काढलं," तो म्हणाला. "जास्त आलंय बाहेर," मी म्हटलं. "मग आत ढकलू?" मी टाकी काखेत मारली, चिमणी पुन्हा चादरीत गुंडाळली आणि निघालो.

एव्हाना माझ्या मनात माघार नावाची गोष्ट राहिली नव्हती. टाकीचं जमत नाही तर दिवा. तसल्या मापाची काच कुठे मिळेना, म्हणून मी चष्मेवाल्याकडून एक गोल भिंग कापून घेतलं. फिट बसलं. दिवा पूर्वीपेक्षा मोठा, बोलका दिसायला लागला. अभिमानाने मी चिमणीला खिडकीशी उभी केली आणि आंघोळीला गेलो. सकाळचं ऊन सरळ त्या भिंगातून आत शिरलं. पुढचं काम उन्हाने केलं. बाहेर आलो तर बायको दिव्यावर तांब्याने पाणी ओतत होती आणि खोलीभर वायर जळल्याचा वास. जज्जसाहेब धुराच्या वासाने वर आले होते.

"हेतू सिद्ध होत नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पण सातत्य दिसतं."

त्या दिवशी मी चिमणीसमोर खुर्ची टाकून बसलो. खड्ड्याचं टेंगूळ, रंग गेलेला, रेघ तुटलेली, दिवा जळलेला. भिंतीला आपटली होती तेव्हा बरी होती. पुढचं सगळं माझ्या मेहनतीचं फळ. बायको शेजारी येऊन बसली. दिव्यातलं उरलेलं पाणी ती फडक्याने टिपू लागली.

"उद्या येतोय तो," मी म्हटलं. "स्टँडवर जाऊन सांगतो. घरी येईपर्यंत थांबत नाही."

"मी येऊ?"

"नको. दोघं दिसलो तर त्याला वाटेल कोणीतरी गेलं."

स्टँडवर दाढ्या उतरला. हातात पिशवी, चेहरा खुशीत. बाकावर बसवून त्याला उतार, घोडी, पंप, हातोडा, भिंग असं क्रमाने सगळं सांगितलं. भिंगाला तरी तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. आमच्या घरी येऊन त्याने चादर काढली, हात पाठीशी बांधून चिमणीभोवती एक फेरी मारली आणि रंग गेलेल्या जागेपाशी थांबला.

"रेघ?"

"पंपाबरोबर गेली."

त्याने मान हलवली. बायकोने चहा आणला होता. "नको, वहिनी," म्हणाला आणि पिशवी उचलून आपल्या घरी गेला. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. चाळीस वर्षांत त्याने आमच्या घरचा चहा कधी परत पाठवला नव्हता.

मग त्याने दार बंद केलं. मी रोज सकाळी जाऊन बेल वाजवायचो. आतून आवाज यायचा, "ढब्ब्या, जा." मी जायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचो. सेक्रेटरींनी सुचवलं, फुलं न्या. जज्जसाहेबांनी सुचवलं, मध्यस्थ नेमा. मी काहीच नेलं नाही. फक्त बेल वाजवायचो. वाजवण्यात मला कोणी हरवू शकत नाही. कचेरीत वरिष्ठांच्या केबिनबाहेर अशीच माझी अर्धी हयात गेली आहे.

एका सकाळी दार उघडलं. दाढ्या म्हणाला, "बस."

त्याने चहा केला. कप माझ्यासमोर ठेवला तेव्हा कप बशीवर खडखडत होता. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याने हात लपवला नाही.

"टाकी मी सरळ करीन," तो म्हणाला. "ठोकायचं काम हाताला जमतं. काचही शोधीन कुठेतरी. रेघ नाही व्हायची."

"का?"

"दवाखाना का बंद केला असं वाटलं तुला?"

"कंटाळलास म्हणून. तूच म्हणालास."

"लोकांच्या तोंडात हा हात घालू?" त्याने हात पुढे धरला. बोटं आपसूक हलत होती, एखाद्या दुसऱ्याच माणसाची असल्यासारखी. "ती रेघ मारायची म्हणून मी किती दिवस ब्रश घेऊन बसायचो. रोज ब्रश धुऊन ठेवायचो. मग एका सकाळी, काय झालं कोण जाणे, हात थांबला. एका दमात टाकीला वळसा घालून आली रेघ. त्यानंतर नाही थांबला. रोज खाली जाऊन ती बघायचो मी. गाडी नाही बघायचो, ढब्ब्या."

माझं तोंड डोक्याच्या आधी चालतं. आणि तेव्हा मी जे बोलतो ते फार धोक्याचं असतं.

"मी मारतो रेघ," मी म्हटलं.

"तू?"

"जन्मभर कचेरीत रेघाच मारल्या आहेत."

"पट्टीने."

"पट्टी काढून टाकतो."

कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "आधी डब्यावर मारून दाखव."

घरी येऊन मी डब्यावर मारली. ती रेघ नव्हती, गांडूळ होतं. पुसलं, पुन्हा मारलं. स्वयंपाकघरातले डबे संपले तेव्हा बादल्या घेतल्या, बादल्या संपल्यावर कुंड्या, कुंड्यांनंतर गीझर. बायको माहेरी भावाला फोनवर सांगत होती, "नाही रे, तब्येत बरी आहे. फक्त सगळ्याला किनार लावतायत." जज्जसाहेबांनी काठी पाठवून दिली, "सरावासाठी," अशा निरोपासह. सेक्रेटरींनी जिन्याच्या कठड्याला परवानगी नाकारली.

दाढ्या रोज यायचा आणि माझ्या मागे उभा राहायचा. दुकान बंद झालेला कारागीर जसा दुसऱ्याच्या हाताकडे पाहतो तसा. "करंगळी टेकव," म्हणायचा. "टेकू असल्याशिवाय हात चालवायचा नाही. तोंडात काम करताना आम्ही शेजारच्या दातावर बोट टेकवतो." कधी म्हणायचा, "श्वास धरू नकोस. सोडत सोडत मार." कधी नुसतंच "छ्या!" मला राग यायचा. पन्नाशी उलटलेल्या, हाताखाली माणसं असलेल्या हेडक्लार्कला स्वतःच्या स्वयंपाकघरात "छ्या" ऐकून घ्यावं लागतं! पण डबा पुसून मी पुन्हा सुरू करायचो. तिकडे संध्याकाळी तो खाली टाकी ठोकायचा. ठक, ठक, ठक, अगदी हळू. टेंगूळ बसलं. डाळिंबी रंग त्याने स्वतः घोटला. काच त्याला एका जुन्या कंदिलाच्या दुकानात मिळाली आणि ती घेऊन येताना त्याने मला फाटकातूनच हाक मारली, "ए ढब्ब्या, बघ!" त्या हाकेने माझ्या जिवात जीव आला.

मग तो दिवस आला. टाकी टेबलावर, खिडकीतून चांगला उजेड, बायकोने पंखा बंद केलेला. दाढ्याने ब्रश माझ्या हातात दिला आणि स्वतः पाठ करून उभा राहिला.

"बघणार नाहीस?"

"तू मार."

मी करंगळी टेकवली. श्वास सोडला. ब्रश निघाला. वळणावर पोट आडवं आलं, तर मी टेबलाभोवती आडवा सरकत गेलो, खेकड्यासारखा. बायकोने खुर्ची बाजूला ओढली. रेघ पुढे पुढे जात होती आणि मला वाटत होतं, मी नाही, तीच मला नेते आहे. अर्धं झालं, पाऊण झालं, निघालो होतो तिथे परत आलो, आणि शेवटच्या केसभर अंतरात हात किंचित वर गेला. सुरुवातीचं टोक खाली राहिलं, शेवटचं वर. दोन्हींची भेट झाली नाही.

"झालं," मी म्हटलं. ब्रश खाली ठेवला.

दाढ्या वळला. खिशातून त्याने दात बघायचा तो छोटा आरसा काढला, टाकीवर वाकला आणि सावकाश एक वळसा घातला. आरसा थरथरत होता, त्यामुळे त्याने प्रत्येक जागा दोनदोनदा पाहिली. टोकांशी येऊन थांबला.

"जुळली नाहीत."

"पुसून पुन्हा मारतो. मला वेळ आहे. हवं तर वर्षभर मारतो."

"थांब." तो खुर्चीवर बसला आणि हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांना पाणी. "माझीही जुळली नव्हती," तो म्हणाला. "याच जागी. वरून सीट येते ना, म्हणून कोणाला कधी दिसलं नाही."

"आणि हे मला तू आत्ता सांगतोस? गीझरसकट सगळं घर रंगवल्यावर?"

"आधी सांगितलं असतं तर तू तिसऱ्या डब्याला उठला असतास."

बायको हसू लपवायला आत गेली. चहाची भांडी वाजली.

रंग वाळल्यावर आम्ही टाकी चढवली. मी सीट धरून ठेवली आणि दाढ्याने बोल्ट आवळले. पाना धरायला तेवढा हात पुरतो. सीटने टोकं झाकली. मग त्याने किक मारली, चिमणीने एकदा खोकल्यासारखं केलं आणि सुरू झाली. तो तिच्यावर बसला. इतक्या दिवसांत मी त्याला तिच्यावर बसलेला पहिल्यांदा पाहत होतो. गुडघे त्याचेही कानांशीच गेले, हे मी समाधानाने टिपून घेतलं.

"हँडल हलतंय रे," तो ओरडला.

"ते हँडल नाही, तू हलतोयस!" मी ओरडलो.

तो निघाला. फाटकातून बाहेर पडून वळला, आणि का कोण जाणे, मी कमरेला हात लावून त्याच्यामागे धावत सुटलो.